विशेष शिक्षक व्हायचंय? बारावीपासून पहिल्या नेमणुकीपर्यंतची वाट

जून-जुलैत प्रवेशाचे दिवस आले की विशेष शिक्षणाबद्दल विचारणारे फोन सुरू होतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘कुठला कोर्स करू?’ माझं उत्तर दरवर्षी तेच असतं : कोर्स नंतर, आधी मुलं बघा. हे ऐकून काहीजण हिरमुसतात, कारण अर्जाची तारीख तोंडावर आलेली असते. पण आपल्याकडे या क्षेत्राचं शिक्षण ज्या पद्धतीनं आखलंय, त्यात दुसरा क्रम चालत नाही.

साधं डी.एड. किंवा बी.एड. केलं की तुम्ही शिक्षक होता. विशेष शिक्षणात मात्र प्रवेशाच्या वेळीच दिव्यांगत्वाचा एक प्रकार निवडावा लागतो : कर्णबधिरत्व, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) वगैरे. तोच प्रकार प्रमाणपत्रावर छापला जातो, तोच नोंदणीत लागतो आणि नोकरीच्या जाहिरातीतही तोच मागितलेला असतो. दोन वर्षांनी लक्षात आलं की आपला जीव अंध मुलांना शिकवण्यात रमतोय, तर पुन्हा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणून हा निर्णय जागा कुठे शिल्लक आहे यावर सोडू नका.

पहिली पायरी : शाळेत जाऊन बसा

महाराष्ट्रात विशेष शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा १८८५ साली सुरू झाली. दादरची अंधशाळा १९०० सालची. बौद्धिक अक्षम मुलांसाठी शिवडीला जय वकील संस्था १९४४ पासून काम करते आहे. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर उभं केलं, कोल्हापुरात ‘चेतना’ आहे, वरोऱ्याला आनंदवनात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. गोव्यात पर्वरीची संजय स्कूल आणि लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळा आहेत. मोठ्या शहरातच राहायला हवं असं अजिबात नाही; जिल्ह्याच्या गावी एखादी तरी विशेष शाळा सापडतेच.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा : मला या क्षेत्रात यायचं आहे, काही आठवडे वर्गात मागे बसून बघायची आणि सांगाल ती मदत करायची तयारी आहे. स्नेहसंमेलनाच्या किंवा दिव्यांग दिनाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी मुलं नटलेली असतात, सगळे टाळ्या वाजवत असतात आणि रोजचं काम काहीच दिसत नाही. पावसाळ्यातला एखादा मंगळवार बरा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, समाजमाध्यमांवर टाकायचे तर मुळीच नाहीत.

काय बघायचं, याचं एक उदाहरण देते. बौद्धिक अक्षम मुलांच्या वर्गात शर्टाची बटणं लावायला शिकवणं चाललेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, पहिल्या बटणापासून सुरुवात करावी. अनुभवी शिक्षिका उलटी जाते. ती सगळी बटणं स्वतः लावते, शेवटचं बटण काजात अर्धं सरकवून ठेवते आणि थांबते. मुलानं फक्त ते ओढून बाहेर काढायचं. काढलं की शर्ट पूर्ण झाला, आणि तो त्यानं पूर्ण केला! पुढे काही दिवसांनी ती बटण काजाच्या तोंडाशी आणून सोडते, मग नुसतं बोट दाखवते, मग शेवटची दोन बटणं त्याच्यावर सोपवते. काम मागून पुढे शिकवलं की प्रत्येक वेळी शेवट मुलाच्या हातून होतो आणि रोज हार पत्करून उठावं लागत नाही. एका शर्टाला दोन-तीन महिने लागू शकतात. हे बघताना तुम्हाला कंटाळा आला की उत्सुकता वाटली, याची प्रामाणिकपणे नोंद करा. कुठल्याही प्रवेश परीक्षेपेक्षा ती नोंद तुमच्याबद्दल जास्त सांगेल.

जेवणाच्या सुट्टीत थांबा. कुणाला घास भरवावा लागतो, कुणाची लाळ पुसावी लागते, शौचाला नेताना काय काळजी घेतात, तेही बघा. ते नको वाटलं तर त्यात लाज नाही. कर्णबधिर किंवा अध्ययन अक्षम (वाचणं, लिहिणं, गणित यांत अडणाऱ्या) मुलांबरोबरचं काम वेगळं असतं, तिथे जाऊन बघा. आणि ‘मला या मुलांची खूप दया येते’ एवढ्याच कारणावर या क्षेत्रात येणार असाल तर थोडं थांबा. दया दिवाळीपर्यंत पुरते. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे शोधून काढायची ओढ वर्षानुवर्षं पुरते.

दुसरी पायरी : प्रकार निवडा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दोन्ही नव्या कायद्यानं स्वतंत्रपणे धरले. शिकवण्याच्या दृष्टीनं मात्र मोजकेच मोठे गट पडतात.

बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमतेचा गट सर्वांत मोठा. विशेष शाळाही याच गटाच्या जास्त आणि जागाही जास्त. अनेक जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून ‘मतिमंद विद्यालय’ असं दिसेल. तुम्ही बोलताना-लिहिताना ‘बौद्धिक अक्षम’ म्हणा. पालकांना हा फरक लगेच जाणवतो. इथे स्वतःचं स्वतः करणं, पैसे ओळखणं, बाजारहाट, पुढे कार्यशाळेतलं काम असा अभ्यासक्रमाचा ओघ असतो.

कर्णबधिर मुलांचं क्षेत्र झपाट्यानं बदललं आहे. जन्मल्यावर लवकर तपासणी झाली, लहान वयात श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र) मिळालं, तर बरीच मुलं साध्या शाळेत जातात. केंद्राच्या एडिप योजनेतून गरजू मुलांना इम्प्लांट मिळतं आणि त्या कामाची मुख्य जबाबदारी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. म्हणजे कर्णबधिरांचा शिक्षक आता विशेष शाळेच्या वर्गात असतो, इम्प्लांटनंतर ऐकायला शिकवणाऱ्या केंद्रातही असतो. मराठी शिकवताना इथे एक खास अडचण येते. आपले विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी हळूच उच्चारले जातात. कमी ऐकू येणाऱ्या मुलापर्यंत ‘शाळेत’मधला ‘त’ पोचतच नाही, आणि मूल ‘मी शाळा जातो’ असं लिहितं. हे दुर्लक्षानं होत नाही, ऐकू न आल्यानं होतं. हे प्रत्यय डोळ्यांना दाखवून, रंगवून, खुणेनं शिकवावे लागतात. ज्याला मराठी व्याकरणात रस आहे, त्याला हे क्षेत्र फार आवडेल. भारतीय सांकेतिक भाषा मात्र मनापासून शिकायची तयारी हवी. ‘बोलायला शिकवायचं की खुणांनी शिकवायचं’ या वादात पडण्यापेक्षा दोन्ही येणारा शिक्षक मुलांच्या जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दृष्टिदोषाच्या क्षेत्रात ब्रेल आलंच. ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं. पाटी आणि टोच्यानं लिहिताना कागदावर मागून टोचायचं असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहितात. कागद उलटला की उठलेली टिंबं डावीकडून उजवीकडे वाचली जातात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, देवनागरी शिकताना डोळसांना एक गंमत जाणवते. ‘कि’ लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’, जसं उच्चारतो तसं. जोडाक्षरात आधी हलन्ताची खूण येते, मग अक्षरं. पहिले काही आठवडे हाताला सवय होत नाही, मग अचानक होते. ब्रेलबरोबरच पांढरी काठी घेऊन फिरण्याचं प्रशिक्षण, अबॅकस, आणि आता संगणकावरचे व मोबाइलवरचे स्क्रीन रीडर. ‘आता सगळं मोबाइल वाचून दाखवतो, ब्रेल कशाला’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, नुसतं ऐकून शुद्धलेखन कसं शिकणार?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आणि बहुविकलांगता यांचे अभ्यासक्रमही आहेत, पण ते चालवणाऱ्या संस्था कमी. एकाच वेळी बहिरेपण आणि अंधत्व असलेल्या मुलांसाठी मुंबई-नवी मुंबईतली हेलन केलर संस्था आहे. तिथलं काम एकदा तरी बघून या.

तिसरी पायरी : कोर्स आणि त्याची मान्यता

आता कोर्स. लक्षात ठेवायचं नाव एकच : भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. १९९२ च्या कायद्यानं ती स्थापन झाली. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम, संस्थेची मान्यता आणि शिक्षकाची नोंदणी ही तिन्ही कामं तिच्याकडे आहेत. या नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

बारावीनंतर : डी.एड. विशेष शिक्षण, दोन वर्षं. शाखा कुठलीही चालते, खुल्या गटाला ५० टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत असते. परीक्षा घेण्याचं काम आरसीआयच्या अखत्यारीतलं राष्ट्रीय परीक्षा मंडळ करतं.

पदवीनंतर : बी.एड. विशेष शिक्षण, हेही दोन वर्षांचं. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी साध्या आणि विशेष अशा दोन्ही बी.एड.साठी असते. म्हणजे सीईटीचा अर्ज वेळेत भरलेला हवा; निकालानंतर जागे झालात तर वर्ष गेलं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आणि चेंबूरचं हशू अडवाणी कॉलेज ही जुनी नावं. बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था आहे, तिचं विभागीय केंद्र नवी मुंबईत आहे. दृष्टिदोषासाठी देहरादूनची आणि बहुविकलांगतेसाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडूची राष्ट्रीय संस्था.

डी.एड. की बी.एड.? बारावीलाच मनाशी ठरलं असेल आणि घरी लवकर कमावणं गरजेचं असेल तर डी.एड. करा, नोकरी करता करता पदवी घ्या. दोन वर्षांत लहान मुलांबरोबरचा पाया पक्का होतो. पदवी झालीच असेल तर थेट बी.एड. नव्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या सगळ्याच अभ्यासक्रमांत फेरबदल सुरू आहेत, त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची परिपत्रकं परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलीनं चार वर्षांपूर्वी काय केलं, यावर जाऊ नका.

मी सगळ्यात जास्त हळहळते ती फसलेल्या मुलांसाठी. ‘सहा महिन्यांत विशेष शिक्षक व्हा’, ‘घरबसल्या ऑनलाइन डिप्लोमा’ अशा जाहिराती येत राहतात. प्रमाणपत्र गुळगुळीत कागदावर, सोनेरी शिक्का मारून येतं. नोंदणीसाठी त्याचा उपयोग शून्य. अनेकजणी वर्षभराची कमाई घालून बसतात आणि मुलाखतीच्या टेबलावर नोंदणी क्रमांक विचारला की तेव्हा कळतं. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं कराच :

- परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. संस्थेचं नाव, कोर्सचं नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, जागा आणि मान्यतेची मुदत, सगळं जुळलं पाहिजे. मान्यता ठरावीक मुदतीची असते; गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नाही.
- दूरस्थ पद्धतीचा कोर्स असेल तर मुक्त विद्यापीठाकडे त्या वर्षाची परिषदेची परवानगी आहे का, आणि सराव कुठल्या केंद्रावर होणार, हे लेखी विचारा.
- कॉलेजची स्वतःची विशेष शाळा आहे का? नसेल तर सराव पाठ कुठे घेतात? वर्षातून किती महिने मुलांसमोर उभं राहायला मिळतं? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळालं तर दुसरं कॉलेज बघा.
- मराठीतून शिकवतात का, पेपर मराठीत लिहिता येतो का? बरीच पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांनी याला घाबरायचं कारण नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.
- शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीसाठी लागणारी जातीची, उत्पन्नाची, अधिवासाची कागदपत्रं प्रवेशाआधी तयार ठेवा.

शिकवण्याशिवायच्या वाटा

वर्गात शिकवणं हीच एक वाट नाही. विज्ञान शाखेतल्या मुलांसाठी वाचा व श्रवण उपचाराचा बीएएसएलपी अभ्यासक्रम आहे, इंटर्नशिप धरून चार वर्षांचा. ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी, कृत्रिम अवयवांचा अभ्यासक्रम हेही याच कुटुंबातले. महाराष्ट्रात या प्रवेशांसाठी नीट लागते, म्हणून अकरावीतच जीवशास्त्र घ्यायला हवं. बारावीनंतर हा मार्ग आठवून फायदा नाही. शीव, केईएम, नायर या मुंबईच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांचं या क्षेत्रात नाव आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर रस्ता लांबचा, आणि त्यालाही परिषदेची नोंदणी लागते.

सांकेतिक भाषेचा दुभाषी हा एक फार गरजेचा व्यवसाय आहे. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि वांद्र्याची राष्ट्रीय संस्था इथे दोन वर्षांची पदविका आहे. न्यायालय, पोलिस ठाणं, दवाखाना, कॉलेज, सगळीकडे दुभाषी लागतात आणि मिळत नाहीत. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका मात्र कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे, आणि तेच योग्य आहे.

समाजकार्याची पदवी घेऊन पालक संघटना, व्यावसायिक पुनर्वसन, रोजगार मेळावे अशा कामात जाता येतं. महाविद्यालयांत समान संधी कक्ष असतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्रानं अशा कामाचा चांगला नमुना उभा केला आहे.

चौथी पायरी : दोन वर्षांत काय कमवायचं

कॉलेजची दोन वर्षं पाठ टाचणं काढण्यात आणि फाइली सजवण्यात जाऊ शकतात. बऱ्याच जणांची जातातही. फाइल लागतेच, पण तिच्यामागे काही गोष्टी हाताला यायला हव्यात.

पहिली, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिणं. सगळे त्याला आयईपी म्हणतात. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा, त्यात त्याची आजची पातळी, पुढची उद्दिष्टं, ती कशी तपासायची आणि मुदत. नवखे शिक्षक लिहितात, ‘मूल अंकओळख शिकेल.’ यातून कुणालाच काही कळत नाही. आता हे बघा : ‘शाळेत येताना समोरून येणाऱ्या बसवरचा आपला नंबर देवनागरी आकड्यांत बघून, कुणी न सांगता, पाचपैकी चार वेळा ओळखेल; मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.’ यात मूल दिसतं, जागा दिसते, तपासणी दिसते. आईला घरी काय करायचं तेही आपोआप कळतं : थांब्यावर उभं असताना ‘आपली बस आली’ असं तिनं आधी बोलायचं नाही. असं उद्दिष्ट लिहायला आलं की अर्धा कोर्स आला असं समजा. सरावाला मिळालेल्या प्रत्येक मुलासाठी निदान दोन उद्दिष्टं अशी लिहा आणि शिक्षिकांकडून खोडून घ्या.

दुसरी, साहित्य तयार करणं. कॅटलॉगमधलं महाग साहित्य शाळेत नसतं किंवा कपाटात कुलूपबंद असतं. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, वाळूचा कागद, कापडाच्या चिंध्या, यातून वर्ग उभा राहतो.

तिसरी, अहवाल वाचणं. मुलाबरोबर श्रवणतपासणीचा आलेख, बुद्ध्यंकाचा अहवाल, फिटच्या औषधांचा कागद येतो. निदान तुम्ही करायचं नाही, तो अधिकार तुमचा नाही. पण कागद वाचून वर्गात काय बदलायचं ते कळायला हवं.

चौथी गोष्ट कायद्याची आणि योजनांची. पालक आधी तुम्हालाच विचारतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, कसं काढायचं, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची एक लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना काय आहे, दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ कसा मागायचा, मुक्त विद्यालयातून परीक्षा कशी देता येते, हे तोंडपाठ ठेवा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ठरावीक सरकारी रुग्णालयांतूनच मिळतं आणि नववीच्या शेवटी धावपळ करून उपयोग होत नाही, हे पालकांना वेळेत सांगणं हेही तुमच्या कामात येतं.

आणि पाचवी, मुलांची सुरक्षितता. अनेक मुलं स्वतःवरचा अत्याचार सांगू शकत नाहीत. पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, वाचा. शरीराच्या स्वच्छतेची मदत करताना मुलाला आधी सांगा, एकट्यानं बंद दाराआड करू नका, आणि मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसला तर तो हट्ट आहे असं समजून सोडू नका.

आणखी एक, जे पुस्तकात नसतं : मुलाच्या घरची बोली. गोव्यात कोकणी, खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी. शाळेत ‘भाकरी’ आणि घरी दुसरंच काही, अशी दोन ओझी ज्या मुलाला आधीच शब्द जड जातात त्याच्या डोक्यावर ठेवायची नाहीत. पहिले पन्नास शब्द घरच्या बोलीतले घ्या.

पाचवी पायरी : नोंदणी

निकाल लागला की लगेच परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीसाठी ऑनलाइन अर्ज करा. गुणपत्रकं, प्रमाणपत्र, ओळखपत्र सगळं स्कॅन करून ठेवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत आधीच काढावी. नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी परिषदेच्या मान्यतेनं होणाऱ्या कार्यशाळांचे गुण लागतात. गुण वर्षावर्षाला मिळवत जा, शेवटच्या वर्षावर टाकू नका.

सामान्य शाळेत शिक्षक व्हायचं मनात असेल तर सीटीईटी किंवा महाटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षांची तयारी कोर्सच्या दुसऱ्या वर्षापासूनच करा.

सहावी पायरी : नोकरी

अनुदानित विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. हा स्वतंत्र विभाग महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये झाला; आयुक्तालय पुण्यात आहे. तिथे वेतनश्रेणी मिळते, पण पदं निघतात कमी. विनाअनुदानित शाळा आणि खासगी थेरपी केंद्रं यांत पगाराची तफावत मोठी. सीबीएसईच्या शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे, त्यामुळे शहरांत तिथेही जागा असतात. एका मुलाबरोबर वर्गात बसणारे ‘शॅडो टीचर’ पालकच नेमतात. अनुभव मिळतो, पण तेवढ्यावर कायमचं विसंबू नका. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत विशेष शिक्षकाचं पद असतं आणि अगदी लहान मुलांबरोबर काम करायचं असेल तर ती जागा उत्तम.

समावेशित शिक्षणाचं, म्हणजे साध्या शाळांत बसणाऱ्या दिव्यांग मुलांचं काम समग्र शिक्षा अभियानात चालतं. इथले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. तुटपुंजं मानधन आणि दरवर्षी नेमणुकीची टांगती तलवार, असं असूनही दिवसभर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरून त्यांनी मुलं टिकवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे खटल्यात सामान्य शाळांत विशेष शिक्षक नेमण्याबाबत निकाल दिला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्रानं प्रमाण ठरवलं : प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, ४,८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली. हे सगळं उशिरा झालं असं मी म्हणेन, पण झालं. त्यामुळे आज या क्षेत्रात येणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीपेक्षा नोकरीची आशा नक्कीच जास्त आहे.

नेमणूक स्वीकारण्याआधी आदेश नीट वाचा. पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, मंजूर पदावर आहे की कंत्राटी, तुमच्या दिव्यांगत्वाच्या प्रकाराशी जुळतं का, संबंधित कार्यालयाची वैयक्तिक मान्यता कुणी आणि कधीपर्यंत आणायची, हे लेखी घ्या. पदासाठी संस्थेला ‘देणगी’ मागणारे भेटतील. देऊ नका. पैसे देऊन मिळालेल्या पदाची मान्यता पुढे अडकली तर तक्रार करायला तोंड उरत नाही.

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात शिकवण्याची घाई करू नका. प्रत्येक मुलाची फाइल वाचा आणि मग काळजीवाहक मावशींजवळ वही घेऊन बसा. कुणाला फिट येते आणि आधी काय लक्षण दिसतं, कुणाचं औषध किती वाजता, कुणाला प्रेशर कुकरच्या शिट्टीची भीती वाटते, दार उघडं दिसलं की कोण पळतं, कुणाच्या डब्यातलं काय कुणाला चालत नाही. हे सगळं त्यांना माहीत असतं आणि कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. त्या सांगतील ते तारीख घालून उतरवून घ्या, आणि मुलांचे पालक पहिल्यांदा भेटायला येतील तेव्हा ती यादी त्यांच्याकडून तपासून घ्या.